पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलांच्या डोक्याचा विचार कोण करणार?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

सायकलस्वारांनी हेल्मेट घालावे की घालू नये, हा प्रश्न आपल्या पुण्यात अधूनमधून डोके वर काढतो आणि वाचकांच्या पत्रांतही त्याचे पडसाद उमटतात. ती पत्रे मी बारकाईने वाचते. त्यांत एक गोष्ट दरवेळी जाणवते, ती अशी की लिहिणारे बहुतेक जण रविवारी सकाळी खडकवासल्याला किंवा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाणारे, प्रकृतीसाठी सायकल चालवणारे असतात. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे हेल्मेट असतेही. ज्यांचे पोट किंवा ज्यांची फी सायकलवर अवलंबून आहे, त्यांचा उल्लेख मात्र या चर्चेत क्वचितच येतो. आपले वृत्तपत्र ज्यांच्या सायकलवरून माझ्या दारात येते, त्या मुलांबद्दल मला लिहायचे आहे, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहिणे मला योग्य वाटले.

आधी स्वतःचा अनुभव सांगते. मी सहासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे शाळेत सायकलनेच गेले. आजही आठवड्यातून दोनदा सहकारनगरहून मंडईत भाजी आणायला सायकलनेच जाते. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस रात्रभर पडून गेला होता. सकाळी सव्वासहाच्या सुमारास, पुरते उजाडलेले नसताना, मी मित्रमंडळ चौकाच्या अलीकडे होते. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाच्या थोडा पुढे. रस्त्याच्या पातळीपेक्षा चारेक बोटे खाली गेलेले चेंबरचे झाकण पाण्याखाली होते, ते मला दिसले नाही. पुढचे चाक त्यात अडकले, हँडल फिरले आणि मी डाव्या अंगावर पडले. डोके पदपथाच्या कडेच्या दगडावर आपटले. मागेपुढे एकही वाहन नव्हते, कोणाचा धक्का लागला नव्हता. मनगट दुखावले, खांदा महिनाभर ठणकत राहिला, पण डोक्याला साधे टेंगूळही आले नाही, कारण मुलीने आग्रहाने घेऊन दिलेले हेल्मेट त्या दिवशी डोक्यावर होते.

मला उठवायला जो धावला तो पेपर टाकणारा एक मुलगा होता. आमच्याच शाळेतून दहावी होऊन आता अकरावीला गेलेला, मी त्याला शिकवले नव्हते तरी त्याने मला ओळखले. माझी सायकल उभी करून, माझे हेल्मेट हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, हे तर फुटलंय." डाव्या कानाच्या वर आतल्या पांढऱ्या थराला आरपार चीर गेली होती. तो ते उलटसुलट करून पाहत होता आणि मी त्याच्याकडे पाहत होते. त्याच्या डोक्यावर साधी टोपीही नव्हती, हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकत होत्या, मागच्या कॅरिअरवर गठ्ठा बांधलेला होता आणि त्याच चेंबरवरून तो रोज पहाटे जात होता. त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

"आम्ही काय शर्यत लावतो का, हळूच तर चालवतो," असे हेल्मेट न घालणारे पुष्कळ जण म्हणतात. वर्षानुवर्षे मीही मनात हेच म्हणत होते, आणि विज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीने तरी तसे म्हणायला नको होते. सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. दीड मीटरवरून मोकळी पडलेली कोणतीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास झालेला असतो, आणि हा वेग सायकलच्या वेगाने येत नाही, तो उंचीने येतो. सिग्नलला उभ्या असलेल्या सायकलवरून तोल जाऊन माणूस आडवा पडला आणि हात टेकायला सवड मिळाली नाही, तर त्याचे डोके याच्या जवळपासच्या वेगाने डांबरावर आपटू शकते. युरोपात सायकलच्या हेल्मेटसाठी ईएन १०७८ नावाचे मानक आहे. त्याच्या चाचणीत डोक्याच्या प्रतिकृतीला हेल्मेट घालून ती सपाट ऐरणीवर नेमक्या याच वेगाने, सेकंदाला ५.४२ मीटरने, आपटली जाते आणि प्रतिकृतीला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहिला तरच हेल्मेट उत्तीर्ण होते. म्हणजे हे साधन मुळात आपल्यासारख्यांच्या साध्यासुध्या पडण्यासाठीच घडवलेले आहे.

ते काम कसे करते हे मी वर्गात क्रिकेटच्या झेलाच्या उदाहरणाने सांगत असे. झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, त्यामुळे चेंडूला थांबायला जास्त अंतर मिळते आणि तळहाताला कमी मार लागतो. हेल्मेटच्या आतला दोन-तीन सेंटिमीटरचा थर म्हणजे घट्ट केलेले थर्माकोल असते. डोके आपटले की तो थर चिरडतो, फुटतो, आणि तेवढ्या अंतरात डोके थांबते. दोन मिलिमीटरमध्ये थांबणारे डोके दोन सेंटिमीटरमध्ये थांबले, तर सरासरी बल दहाव्या हिश्श्यावर येते. थर्माकोल एकदा चिरडले की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराच्या एका आपटीनंतर ते हेल्मेट, बाहेरून कितीही धडधाकट दिसले तरी, टाकून द्यायचे असते. माझ्या शेजारच्या एका काकांनी फुटलेले हेल्मेट चिकटपट्टी लावून वापरण्याचा सल्ला मला दिला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

केवळ माझ्या एकटीच्या पडण्यावरून मी हे लिहीत नाही. ऑलिव्हिए आणि क्रायटन या ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१६ मध्ये चाळीस अभ्यासांतील ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली. ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते त्यांच्यात डोक्याला दुखापत होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी, गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी आणि डोक्याच्या प्राणघातक दुखापतीची ६५ टक्क्यांनी कमी आढळली. हेल्मेटमुळे मान मोडते असा जो समज आपल्याकडे ऐकू येतो, त्याला या पाहणीत आधार मिळाला नाही.

विरुद्ध बाजूचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातले सगळेच पोकळ नाहीत. नेदरलँड्समध्ये लहानथोर बहुतेक सगळे हेल्मेटशिवाय सायकली चालवतात, तरी तेथे सायकल सुरक्षित मानली जाते, हे खरे आहे. पण तेथे सायकलसाठी स्वतंत्र, सलग, सपाट मार्ग आहेत आणि मोटारचालकाला सायकलस्वाराची जन्मापासून सवय आहे. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाला आणि त्याचा मला आनंदच आहे, पण आज ज्या सायकल मार्गांवर दुचाकी लावलेल्या असतात, टपऱ्या असतात, राडारोडा पडलेला असतो, त्यांच्याकडे पाहून नेदरलँड्सचा दाखला देणे मला पटत नाही. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील इयन वॉकर या संशोधकाने स्वतः सायकल चालवून केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे आढळले होते की, हेल्मेट घातलेल्या सायकलस्वाराला मोटारी सरासरी आठ-साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून ओलांडतात. त्या निष्कर्षावर पुढे इतर संशोधकांनी शंका घेतली, तो वाद तज्ज्ञांचा आहे. पण तो निष्कर्ष बरोबर धरला, तरी बाजीराव रस्त्यावर किंवा सिंहगड रस्त्यावर ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना विचारावे, तेथे हेल्मेट असो वा नसो, वाहन हँडलला घासूनच जाते. आणि बसच्या चाकापुढे हेल्मेटचे काही चालत नाही, हेही मी मान्य करते. चांगला रस्ता आणि आवरलेला वेग यांना हेल्मेट हा पर्याय नाही. पण रस्ते नीट होईपर्यंत रोज पहाटे त्याच रस्त्याने जाणाऱ्या मुलाने काय करावे, याचे उत्तर या युक्तिवादात मला सापडत नाही.

मग सक्ती करावी का? माझे उत्तर स्पष्ट आहे, करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली हेल्मेटची सक्ती दुचाकी मोटारवाहनांसाठी आहे, सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे ती सायकलला लागू होत नाही, आणि तसेच राहावे असे मला वाटते. दुचाकीस्वारांच्या बाबतीत १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात अंमलबजावणी कडक झाली तेव्हा शहरात केवढा विरोध उसळला, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. त्या विरोधाशी मी सहमत नव्हते. इंजिनाच्या वाहनाचा वेग, वजन आणि परवाना यांचा विचार वेगळा आहे. सायकलची गोष्ट निराळी आहे, कारण सायकलवर दंड बसवला की तो नेमका कोणाकडून वसूल होणार, हे आधीच सांगता येते.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात. तेव्हा सायकलला कर भरल्याचा बिल्ला लागे, अंधार पडल्यावर दिवा लागे, डबलसीट चालत नसे. नियम चांगल्या हेतूने केलेले होते. पण चौकात अडवले जात ते कामगार, गवळी, निरोप पोचवणारे शिपाई. दिवा नसला तर चाकातली हवा सोडली जाई आणि दहा तास काम करून आलेला माणूस सायकल हातात धरून घरापर्यंत चालत येई. वडिलांना असे चालत येताना मी लहानपणी पाहिले आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहर ज्या किंग काउंटी या जिल्ह्यात आहे, तेथे १९९३ पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे होते. कारवाईच्या पावत्या बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांच्याच नावाने मोठ्या प्रमाणात फाटत आहेत, असे दिसून आल्यावर २०२२ मध्ये तो नियम तेथे रद्द करण्यात आला. हेल्मेट वाईट म्हणून नव्हे, दंडाची पद्धत अन्याय करत होती म्हणून. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सक्ती केली, ती आजही आहे, पण तिच्यामुळे लोक सायकलच सोडून देतात का, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही. याउलट डेन्मार्कमध्ये कायदा न करता, शाळांतून आणि घराघरांतून समजावून, शहरी रहदारीत हेल्मेट वापरणाऱ्यांचे प्रमाण २००४ मधील शंभरात सहाच्या आसपासवरून आता निम्म्याच्या आसपास पोचले आहे. मला हा मार्ग अनुकरणीय वाटतो.

सवय लागायला वेळ लागतो, हे तर शर्यतपटूंच्या बाबतीतही घडले आहे. १९९१ मध्ये पॅरिस ते नीस या शर्यतीत व्यावसायिक सायकलपटूंनी हेल्मेटसक्तीविरुद्ध संप केला होता आणि ती सक्ती मागे घ्यावी लागली होती. बारा वर्षांनी त्याच शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाकस्तानचा सायकलपटू हेल्मेटशिवाय पडला आणि डोक्याला झालेल्या दुखापतीने दुसऱ्या दिवशी, १२ मार्च २००३ रोजी, वारला. त्यानंतर काही आठवड्यांतच आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेल्मेट बंधनकारक केले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून येणाऱ्या 'घाटाच्या राजा'ला पाहायला पुणेकर पूर्वीपासून रस्त्याच्या कडेला उभे राहत आले आहेत, आणि २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीच्या वेळीही शाळांची मुले रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती. त्या मुलांनी पाहिलेल्या प्रत्येक सायकलपटूच्या डोक्यावर हेल्मेट होते. सायकल चांगली चालवता येणाऱ्याला हेल्मेटची गरज नसते, असे आता त्यांना कोणी सांगू नये.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या भागातील चौकात पहाटे साडेचारच्या सुमारास वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरतात. पदपथावर बसून पुरवण्या भरल्या जातात, लाइनप्रमाणे, म्हणजे प्रत्येकाच्या ठरलेल्या घरांप्रमाणे, पिशव्या लावल्या जातात आणि पाचच्या आधी मुले निघतात. माझ्या अपघातानंतर मी तीन वेळा त्या वेळी तेथे जाऊन उभी राहिले. बारा मुले होती, त्यातली आठ-नऊ सायकलवर, आणि हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नव्हते. रस्त्यावर दिवे असले तरी गल्लीत शिरल्यावर अंधारच असतो. वाहने थोडी, म्हणून जी असतात ती भरधाव येतात. भटकी कुत्री सायकलच्या मागे लागतात. गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसलेले असतात, पावसाळी गटारांच्या काही जाळ्यांचे गज सायकलच्या चाकाच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे चाक सरळ आत जाते. रविवारी पुरवण्यांमुळे पिशवी इतकी जड होते की हँडल एका बाजूला ओढले जाते. त्यातच एका हाताने सायकल सांभाळून दुसऱ्या हाताने पेपरची गुंडाळी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत फेकायची असते. मी एक मुलगा हे करत असताना पाहिला. त्याचे लक्ष गॅलरीकडे होते, रस्त्याकडे असणे शक्यच नव्हते. हेल्मेटची गरज खडकवासल्याला जाणाऱ्या हौशी सायकलस्वारापेक्षा या मुलाला अधिक आहे, आणि ते विकत घेण्याची ऐपत त्याच्याकडे सर्वांत कमी आहे.

मी माझे हेल्मेट साडेबाराशे रुपयांना घेतले. लाइन टाकून अकरावीची फी भरणारा मुलगा आपल्या मिळकतीतून एवढे पैसे डोक्यासाठी काढील, अशी अपेक्षा मी करू शकत नाही, आणि त्याने ते काढले नाहीत म्हणून त्याला बेफिकीर म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे असे मला वाटत नाही. तो आपले काम करतो. त्या कामासाठी पिशवी त्याला मिळते, काही ठिकाणी रेनकोटही मिळतो. हेल्मेट हे त्याच कामाचे साधन आहे आणि ते काम देणाऱ्याने, किंवा त्या कामाचा लाभ घेणाऱ्यांनी मिळून, दिले पाहिजे.

म्हणून माझी आपल्याला आणि पुण्यातील सर्वच वृत्तपत्रांना अशी विनंती आहे की, वितरक आणि विक्रेत्यांच्या संघटनांशी बोलून, सायकलवर लाइन टाकणाऱ्या प्रत्येक मुलाला एक चांगले हेल्मेट देण्याची व्यवस्था करावी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लहानपणी रामेश्वरमला वर्तमानपत्रे वाटली होती आणि त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी विक्रेत्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो तो अवश्य व्हावा, पण त्याच कार्यक्रमात मुलांना हेल्मेट दिले तर अधिक उपयोगाचे होईल. खर्चाचा प्रश्न असेल तर आम्हा वाचकांनाही सांगावे. आमच्या सोसायटीत अठ्ठावीस घरे आहेत, त्यांच्याकडे एका मुलाच्या हेल्मेटसाठी घरटी पन्नास रुपये मागितले तर कोणी नाही म्हणेल असे मला वाटत नाही, आणि इतर सोसायट्याही काही वेगळ्या नसतील.

देताना मात्र मोटारसायकलचे हेल्मेट देऊ नये. ते किलो-सव्वा किलोचे असते, त्यात हवा खेळत नाही, आणि पायडल मारून घामाघूम झालेला मुलगा ते दुसऱ्याच दिवशी हँडलला अडकवून ठेवील. सायकलचे हेल्मेट अडीचशे-तीनशे ग्रॅमचे असते. ते कपाळावर आडवे, भुवयांच्या वर दोन बोटे, बसले पाहिजे, मागे मानेकडे कललेले असले तर पुढून पडल्यावर त्याचा उपयोग होत नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाच्या खाली एकत्र याव्यात आणि हनुवटीखाली एका बोटापेक्षा जास्त जागा राहू नये. मुलींना वेणी किंवा अंबाडा असेल तर मागचे चक्र सैल करून केस खाली घ्यावे लागतात, मी स्वतः तसेच करते. शाळांनीही पाचवीपासून सायकलने येणाऱ्या मुलांना एवढे शिकवावे, त्यासाठी एक तास पुरतो.

त्या दिवशी मला उठवणाऱ्या मुलाला मी दुसरे हेल्मेट घेऊन दिले आणि तो ते रोज घालतो, असे त्याचे सोबती सांगतात. त्याच्या बरोबरची मुले राहिली आहेत. हेल्मेट घेताना डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा लागतो, कारण सरसकट एकाच मापाचे घेतले तर निम्म्या मुलांना ते बसत नाही. आपण किंवा आपल्या वितरकांनी मनावर घेतले, तर आमच्या चौकातील मुलांची मापे घ्यायला मी टेप आणि वही घेऊन पहाटे साडेचारला हजर राहीन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
सहकारनगर, पुणे